स्विच-ऑनला रडली म्हणून घाबरू नका
ताई, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र) पहिल्यांदा चालू करतात त्या स्विच-ऑनच्या दिवशी लेक दचकून रडली, हाकेला वळलीच नाही, म्हणून ऑपरेशन वाया गेलं असं समजू नका. आमचा मुलगा तर डोक्याला चिकटवलेली कॉइल (यंत्राचा बाहेरचा भाग) चुंबकासकट उपटून तोंडात घालायचा! (कानटोपी शिवली, तेव्हा कुठे टिकली.) सुरुवातीला मॅपिंगमध्ये, म्हणजे मुलाला सोसेल तसं यंत्र जुळवताना, आवाज मुद्दाम कमी ठेवतात, मग हळूहळू वाढवतात. रोज सकाळी प्रोसेसर (आवाज टिपणारं बाहेरचं मशीन) लावला की तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज काढून बघा. कुठल्याला दाद देत नाही ते ऑडिऑलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) सांगा. आमचा पहिल्यांदा वळला तो कुकरच्या शिट्टीला, माझ्या हाकेला नाही. जरा रागच आला होता! आणि हातांनी खुणा करून बोलणं मी बंद केलं नाही. आंघोळीला, झोपताना मशीन काढलेलं असतं, तेव्हा बोलायचं कसं?