पुढच्या स्प्रिंगा कडक करू नका
भाऊ, तुमची स्विफ्ट वळणात सरळच पळते म्हणून पुढच्या स्प्रिंगा कडक करा, हा इथं वर कुणीतरी दिलेला सल्ला काही पटला नाही. फ्रंट-व्हील ड्राइव्हला (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते अशा गाडीला) त्यानं पुढची पकड आणखीच सुटते. त्यापेक्षा मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) जाड करा. मग मात्र भर वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडू नका, मागचं टोक फिरेल. पुढच्या टायरची फक्त बाहेरची कड घासली असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा आतला झुकाव) वाढवा. अन् टायरमधली हवा! वऱ्हाडातल्या मे महिन्यात सकाळी भरलेली दुपारी तशी राहतच नाही, तापमान वाढलं की दर ५-६ अंश सेल्सिअसला साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) चढतो. काळ्या मातीच्या ट्रॅकचं गणित वेगळं: तिथं स्प्रिंग मऊ, ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली हलायची जागा) जास्त. भेगाळलेल्या जमिनीवर कडक गाडी नुसती उड्या मारते.