पंचाहत्तरीला किंडल द्यावं की नको?

झोपाळ्यावरची:
पुढच्या महिन्यात सासऱ्यांची पंचाहत्तरी. सगळ्यांनी मिळून एकच, जरा भारी वस्तू द्यायची असं घरात ठरलंय. नवरा आणि नणंद म्हणतात किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ते ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. मी एकटी अडून बसलेय, आणि का ते मलाच धड सांगता येत नाहीये.

बाबा, म्हणजे सासरे, बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढले. शाळा मराठी, नोकरी सगळी गुजरातीत, वाचन मात्र मराठीच. रोज दुपारी झोपाळ्यावर दोन तास. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, टाइप बारीक असला की पुस्तक बाजूला. बडोद्यात नवं मराठी पुस्तक मिळवायचं म्हणजे पुण्याहून कोण येतंय ते बघून त्याच्या हातात यादी द्यायची. २०१८ च्या फेब्रुवारीत इथे साहित्य संमेलन झालं तेव्हा बाबांनी दोन पिशव्या भरून आणल्या होत्या, त्याच अजून पुरवून पुरवून वाचतात. म्हणजे हिशोबाने सगळं किंडलच्याच बाजूने आहे. तरी मन घेत नाही.

(आधी दिलेला स्मार्टफोन तीन महिने डब्यात होता, हेही सांगून ठेवते.)

रावपुरेकर:
डोळ्याचा मजकूर लिहिलात तिथेच उत्तर आलं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, अजून काय पाहिजे? हा पडदा मोबाइलसारखा डोळ्यात उजेड मारत नाही. आत काळे-पांढरे बारीक कण असतात, ते विजेच्या भाराने वर-खाली होतात आणि मग तसेच थांबतात. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना, म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. गच्चीवर भर उन्हात कागदासारखं दिसतं. वजन दोनशे ग्रॅमच्या जरा वर. माझ्या वडिलांना जाड कादंबरी छातीवर धरवत नव्हती, हे धरवतं.

फक्त एक करा, टॅब्लेट देऊ नका. त्यावर आठवड्यात भजनाचे व्हिडिओ सुरू होतात.

वाळवी:
मी विरोधात, नावावरून कळलंच असेल.

पुस्तक वाचून झाल्यावर त्याचं काय होतं ते बघा. तुमचे सासरे ते शेजारी देत असतील. शेजारी परत करताना दोन वाक्यं बोलत असेल, त्यातून तिसरं पुस्तक निघत असेल. पंचाहत्तरीच्या माणसाकडे घरी यायला लोकांना तेवढंच निमित्त उरलेलं असतं. किंडल काय, "दोन दिवस घेऊन जा" म्हणून देणार?

शिवाय विकत घेतलेलं ई-पुस्तक तुमचं नसतंच, वाचायची परवानगी तेवढी तुमची. २००९ मध्ये हक्कांचा घोळ झाला म्हणून ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली होती. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण माझ्या फळीवरचं पुस्तक न्यायला कुणाला आधी दाराची कडी वाजवावी लागते.

चार्जर_कुठाय:
सासऱ्यांना विचारलंत का?

झोपाळ्यावरची:
विचारलं तर "कशाला खर्च" हे उत्तर ठरलेलं. साठीला घड्याळ दिलं तेव्हाही तेच म्हणाले होते, आणि आता ते घड्याळ अंघोळीलाच काय ते उतरतं.

अलकापुरीतली:
माझा अनुभव. आईला दिलं, घाईत माझ्याच खात्यावर सुरू करून दिलं. मी गेल्या सहा वर्षांत जे जे घेतलं ते सगळं तिला दिसायला लागलं. त्यात "सासूशी कसं जमवावं" छापाची तीन पुस्तकं. आईने ती सगळी वाचली आणि फोन करून विचारलं, "इतकं का गं त्रासवतात तुला?" आता दोघींची खाती वेगळी.

गंमत सोडा, आई वाचते. पण सुरू कसं करायचं, पान चुकून पुढे गेलं तर मागे कसं यायचं, हे शिकवायला मी पंधरा दिवस संध्याकाळी जात होते. मेन्यू मराठीत नाही. वर कुठे बोट लावलं की काय उघडतं याची तिला धास्तीच बसली होती.

जुनाबडोदेकर:
हा वाद बडोद्यात व्हावा हे बरं झालं. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग शिकलेली पोरं वाचणार काय, हा प्रश्न आला, तेव्हा १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. मांडवीची सेंट्रल लायब्ररी त्या काळातली. तिथली काचेची फरशी बघितली नसेल तर जाऊन बघा, वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरावा म्हणून केलेली. खेड्यांत तर पुस्तकं पेट्यांत भरून पाठवायचे. पेटी गावात राहायची, वाचून झाली की पुढच्या गावाला.

आता मला सांगा, किंडल म्हणजे तीच पेटी चपटी करून झोपाळ्यावर आणली, एवढंच ना? पुस्तक माणसापर्यंत गेलं पाहिजे हे महाराजांचं म्हणणं होतं. कागदावरच गेलं पाहिजे असं कुठे होतं?

वाळवी:
दाखला माझ्या बाजूचा आणि निकाल त्यांच्या बाजूचा! ती पेटी अख्ख्या गावाची होती. ही एका माणसाच्या खात्याची, तीही पासवर्ड लावून.

जुनाबडोदेकर:
बरोबर आहे. पण गावात तेव्हा वाचणारे दहा असतील. झोपाळ्यावर वाचणारा एकच आहे, आणि त्याला बारीक टाइप दिसत नाही.

मजकूर_जुळणी:
डीटीपीत, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्यात, वीस वर्षं काढली, म्हणून एक कोरडा मुद्दा. यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, त्यात मराठी काय घालणार ते सांगा.

ॲमेझॉनच्या दुकानातली मराठी ई-पुस्तकं किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या ठरावीक संकेतात असतात, अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. प्रत्येक पुस्तक मिळेल असं नाही. मात्र लोक भेट देतात आणि वर पेनड्राइव्ह भरून "पाचशे पुस्तकं" देतात, ती असतात स्कॅन केलेल्या पीडीएफ. ते फोटो आहेत. अक्षर मोठं करायला गेलं की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोटाने डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. मोतीबिंदूच्या माणसाला ही शिक्षा आहे. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफची गत आणखी वाईट. आम्ही पूर्वी जे फॉन्ट वापरायचो त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते, रूपांतर केलं की 'आई'चं काहीतरी भलतंच होतं.

फुकट आणि नीट असं हवं असेल तर मराठी विकिस्रोत, हक्क संपलेल्या पुस्तकांचं संकेतस्थळ. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक आपल्याकडे मुक्त होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं. तिथून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, उतरवून घेता येतं.

आणि सगळे दिवाळी अंक यात मिळतील असं धरू नका. बरेचसे कागदावरच.

रावपुरेकर:
दिवाळी अंकाचं मान्य. पीडीएफचं मात्र अति झालं, यंत्र आडवं धरलं की बरंच वाचता येतं.

मजकूर_जुळणी:
तुम्हाला येतं. तुमचं वय?

रावपुरेकर:
एक्केचाळीस. बरं, हरलो.

चार्जर_कुठाय:
२०२५ मध्ये किंडलचं नवं पेपरव्हाइट मॉडेल आलं ते १६,९९९ ला. तेवढ्यात किती पुस्तकं येतात याचा हिशोब कुणी केला का? छापील पुस्तक तीनशेचं धरा, पन्नासच्या वर झाली. पन्नास पुस्तकं म्हणजे त्या माणसाची अडीच-तीन वर्षं.

अलकापुरीतली:
आणि ती पन्नास निवडणार कोण? मला तर आईच्या आवडीची पाचसुद्धा धड सांगता येणार नाहीत.

झोपाळ्यावरची:
आठ दिवसांनी परत आले. मैत्रिणीचं किंडल मागून आणलं होतं. "भेट" असा शब्द काढला नाही, झोपाळ्यावर ठेवून दिलं.

पहिल्या दिवशी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी अक्षर एवढं मोठं करून बसले की पानात सहा ओळी. तिसऱ्या दिवशी चहा गार झाला. रावपुरेकर, तुमची सरशी.

पण काल जेवताना म्हणाले, "हे संपलं की पुढचं कोण भरणार यात?" मी म्हटलं, तुम्हीच, दुकान आतच आहे. त्यावर नुसते आमटी भुरकत बसले. तेव्हा मला माझं अडून बसणं कळलं. फोनचंही हेच झालं होतं. आम्ही वस्तू दिली आणि तिच्याबरोबर त्यांच्या मागे एक काम लावून दिलं.

आता नणंदेला सांगितलंय, किंडल हवं ना, मग दर शनिवारी पुस्तक तू पाठवायचं. त्या यंत्राला स्वतःचा ईमेल पत्ता असतो, आपला पत्ता एकदा मान्य करून ठेवला की पुण्यात बसून फाइल पाठवता येते. तिने आधी "बघू" म्हटलं. मी म्हटलं, बघू नाही, नाहीतर घड्याळच घेऊ दुसरं. आता हो म्हणालीये.

वाळवी:
आणि शेजारी?

झोपाळ्यावरची:
शेजारचे काका कालच येऊन गेले. बाबांनी त्यांना ते हातात दिलं, काकांनी चुकून चाळीस पानं पुढे ढकलली. दोघं अर्धा तास मागे यायची वाट शोधत होते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, पण गेले नाही.