मदत हवी आहे: 'वन ऑफ द'ची वाक्यं आणि 'हॅव'चा घोळ

नमस्कार मंडळी,

भाची दहावीला आहे, मराठी माध्यम. तिचं इंग्रजी व्याकरण मी घेते. तुलनेच्या वाक्यांची डिग्री बदलणं तसं जमतं: 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र', मग 'हायर दॅन एनी अदर पीक', मग 'नो अदर पीक इज ॲज हाय ॲज कळसूबाई'. घोडं अडतं 'वन ऑफ द हायेस्ट'पाशी. साल्हेरलाही 'एनी अदर' लावते आणि १६४६ मीटरच्या कळसूबाईला खाली बसवते! तिथे 'मोस्ट अदर' आणि 'व्हेरी फ्यू' येतं हे पाठ आहे, पेपरात मात्र विसरते.

काळांचं दुखणं त्याहून मोठं. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' असं बिनधास्त लिहिते. 'काल पाहिलंय मी त्याला' आपण सर्रास बोलतो, मग तिला खटकणार कसं? 'यस्टरडे', 'लास्ट इयर' असलं की साधा भूतकाळ, असं सांगितलं तर आता 'सिन्स मंडे'लाही तोच लावते.

शाळेत इंग्रजी शिकवणारं कुणी आहे का इथे? हे दोन मुद्दे तुम्ही कसे समजावता, कोणती वाक्यं देता? तक्ते नकोत, ते ढीगभर आहेत.