जुन्या जीआय पाइपांना आतून इपॉक्सीचा लेप द्यावा, की पाइपच बदलावेत?

लोकमान्यनगरकर (इंदूर): घर 1980च्या दशकातलं, तीन मजली, भिंतीतले सगळे पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. सकाळची पहिली बादली तांबूस येते, वरच्या मजल्यावर शॉवरची धार करंगळीएवढी. नर्मदेचा नळ एक दिवसाआड, बाकी बोरिंग. एक जण म्हणतो, ॲसिड फिरवून स्वस्तात मोकळं करून देतो. दुसरा आतून रेती मारून इपॉक्सी (वाळून कडक होणारी राळ) बसवणार म्हणतो. खालच्या बाथरूमच्या टाइल्स गेल्याच दिवाळीला बदलल्यात. फोडायचं नाव काढलं तर घरात महाभारत होईल. काय करू?

जुना नळवाला: भिया, ॲसिडवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा. क्षार विरघळतो, पण उरलंसुरलं जस्तही जातं. कितीतरी ठिकाणी गंजाच्या खपलीनेच भोक बुजलेलं असतं. ती निघाली की भिंत ओली.

लेप थोतांड नाही. पाइप रिकामे करून गरम हवेने सुकवतात, कॉम्प्रेसरने खरखरीत रेती फिरवून गंज खरवडतात, धूळ काढतात, मग दोन भाग कालवलेलं इपॉक्सी हवेनेच पुढे ढकलत आतून पसरवतात. त्याआधी नळ, कॉक, गीझर सगळं सोडवायचं, नाहीतर रेती तिथे जाऊन बसते. पण लेपाला धरायला खाली लोखंड तर हवं! जीआय सहसा आधी आट्यांत मरतो, कारण आटे पाडतानाच तिथलं जस्त कापलं जातं आणि जाडीही कमी होते. म्हणून एक एल्बो (वळणाचा जोड) आणि त्याला लागून वीतभर पाइप कापा, उभा चिरा, बघा. आटे शाबूत आणि फक्त भोक अरुंद झालेलं असेल तर लेपाचं बोला. आटे नखाने गळत असतील तर एक रुपया घालू नका, रेतीच पाइप फोडेल.

गीझरची लाइन यात घालूच नका. 60 अंशांच्या वर जस्त लोखंडाला वाचवायचं सोडून उलट वागू शकतं, म्हणून ती बहुधा आधीच सडलेली असते. शिवाय बहुतेक इपॉक्सी बिस्फेनॉल-ए नावाच्या रसायनापासून बनतं, आणि ते रसायन गरम पाण्यात जास्त सुटतं. युरोपियन युनियनने 2024 साली अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी आणली.

सुदामानगरची ताई: दादा, बोरिंगचं पाणी तपासलंत का? आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे कठीणपणा (विरघळलेले क्षार) लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर 600पर्यंत. माळव्याच्या काळ्या दगडातलं पाणी आहे ते, नुसतं बोरिंग चालवलं तर नव्या पाइपच्या तोंडाशीही पांढरा थर धरेल. आम्ही जुने पाइप भिंतीतच बंद करून बाहेरून सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) पाइप नेले. दिसतं भिकार, पण टाइल्स वाचल्या. उन्हातल्या भागाला पाण्यात कालवायचा रंग मारा, सीपीव्हीसीला ऊन सोसत नाही.

लोकमान्यनगरकर: कापलं. वरच्या मजल्याचे आटे हातातच आले. खालच्या थंड लाइनचे मात्र धड आहेत, भोक निम्मं बुजलंय. वर आणि गीझरला सीपीव्हीसी, खाली लेप. चालेल ना?

जुना नळवाला: चालेल. ते इपॉक्सी पिण्याच्या पाण्यासाठी चालतं याचा कागद आधी मागा, आणि डब्यावर लिहिलेला वाळायचा वेळ पुरा होईपर्यंत वरच्या टाकीचा कॉक उघडू देऊ नका. घाई तिथेच होते.