आरपीजी: फँटसी की साय-फाय? माझ्या मते जादू ही पळवाट आहे

रामबागी

परवा राजेंद्रनगरात मित्राकडे हा वाद पेटला आणि रात्री उशिरापर्यंत काही मिटेना, म्हणून इथे टाकतोय. इंदूरचे गेमर बरेच आहेत इथे, बाहेरच्यांनीही यावं.

आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम, आपण खेळतो ते निर्णय घ्यायला आणि त्यांची फळं भोगायला. हातात तलवार आहे की लेझर, हे वरचं रंगकाम. निर्णयाला वजन यायचं तर जगाचे नियम पक्के हवेत. फँटसीत लेखक अडला की जादू धावून येते. मेलेला उठतो, शाप उतरतो, भविष्यवाणी खरी ठरते. नायकसुद्धा बहुतेकदा आधीच ठरलेला. 'स्कायरिम'मध्ये तुम्ही चोर व्हा नाहीतर लोहार, ड्रॅगनबॉर्न तुम्हीच. मग मी निवडलं काय?

आता 'मास इफेक्ट'मधलं जेनोफाज प्रकरण घ्या. (रसभंग आहे. खेळायचं बाकी असेल तर हा परिच्छेद सोडा.) क्रोगन ही लढवय्यी जमात. एका युद्धात तिला वापरून घेतलं, पुढे ती डोईजड झाली, तेव्हा सलेरियन शास्त्रज्ञांनी जेनोफाज हे जैविक अस्त्र बनवलं आणि ट्युरियनांनी ते सोडलं. त्यानंतर हजारात एखादंच मूल जिवंत जन्मतं. 2010 च्या दुसऱ्या भागात त्याच अस्त्रावर पुन्हा काम केलेला मॉर्डिन तुमच्या जहाजावर असतो आणि त्याचं समर्थन करतो, तेही आकडेमोड करून, थंड डोक्यानं. त्याच्या शिष्याचं इलाजावरचं संशोधन हाती लागतं. ठेवायचं की पुसायचं, हे तुमच्यावर. पुसलंत, तर 2012 च्या तिसऱ्या भागात जिच्या जिवावर इलाज उभा आहे ती क्रोगन स्त्री वाचत नाही. आणि 2007 च्या पहिल्या भागात तुमचा क्रोगन साथीदार रेक्स मेला असेल, तर क्रोगनांच्या गादीवर त्याचा आडदांड भाऊबंद बसलेला असतो. मग 'इलाज द्यावा का' या प्रश्नाचं उत्तरच बदलतं.

ज्यांच्या घरात आणीबाणीतल्या नसबंदीच्या गोष्टी निघतात, त्यांना हे फार परग्रहावरचं वाटणार नाही. हा पेच कुठल्या मंत्रानं सुटत नाही. बोला.

फासेवाली

वडाची साल पिंपळाला लावताय. स्कायरिमचा नायक आधीच ठरलेला, आणि तुमचा मास इफेक्टचा नायक शेपर्ड काय लॉटरीत निघाला? पहिल्याच मोहिमेत प्राचीन प्रोथियन खांबाचा दृष्टान्त नेमका त्याच्याच डोक्यात शिरतो. दगडातून झाला तर जादू, यंत्रातून झाला तर विज्ञान, असं आहे का?

दुसरं, जादूला नियम नसतील तरच ती पळवाट. 'बाल्डर्स गेट 3'मध्ये प्रेताशी बोलायचा मंत्र आहे. प्रश्न पाचच. शिवाय ज्याला तुम्ही स्वतः मारलंत ते प्रेत तुमच्याशी बोलत नाही, खुन्याला ओळखतं. यावर खेळाडूंनी काय काढलं? वेषांतराचा मंत्र मारून दुसऱ्याच्या तोंडानं जायचं, मग प्रेत बोलतं. ही पळवाट असेलच तर ती खेळणाऱ्यानं शोधलेली आहे, लेखकानं सोडलेली नव्हे. तुमच्या साय-फायमध्ये हा प्रसंग आला की कॉम्प्युटर हॅक करायचा आणि मेलेल्याचे ईमेल वाचायचे. दर वेळी. तेच ते ईमेल.

आणि 'विचर 3' (2015) मधला ब्लडी बॅरन खेळलात ना? बायकोला मारझोड करणारा दारुडा. तिचं मूल पोटातच गेलं आणि त्याला नाव न देता पुरलं, म्हणून त्याचं पिशाच्च झालंय. एक वाट अशी आहे की बॅरननं ते हातात उचलून घ्यायचं, वाटेत ते चवताळतं तेव्हा तुम्ही त्याला शांत करायचं, आणि घराच्या उंबरठ्याखाली नाव ठेवून पुन्हा पुरायचं. तो नाव ठेवतो आणि माफी मागतो. बापाचं पाप त्याच्याच हातात वळवळतंय, हे फँटसीच दाखवू शकते. साय-फायमध्ये याच जागी समुपदेशकाबरोबरचा एखादा संवाद आला असता.

सराफ्यातलं_भूत

ताईंना माझं मत. भिया, साधी गोष्ट बघा. लेव्हल, हिट पॉइंट (किती मार सोसेल), आर्मर क्लास (चिलखत किती पक्कं) हे सगळं 1974 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या टेबलावर खेळायच्या आरपीजीमधून आलं. म्हणजे फँटसीच्या मापाचा अंगरखा. साय-फायनं तो उसना घेतला आणि मग 2016 च्या 'द डिव्हिजन'सारखी फजिती झाली. न्यू यॉर्कमध्ये हुडी घातलेला साधा गुंड डोक्यात अख्खं मॅगझिन रिकामं करून घेतो आणि उभाच. का, तर त्याची लेव्हल जास्त. ड्रॅगननं शंभर बाण खाल्ले तर मी मान्य करतो. हुडीवाल्यानं कसे खाल्ले?

रामबागी

@भूत, अंगरखा फँटसीचा नाहीच मुळी! डी अँड डीच्या दोघा कर्त्यांपैकी डेव्ह आर्नेसननं हिट पॉइंट आणि आर्मर क्लास उचलले ते अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या युद्धखेळातून. गोळे बसत जातात, जहाज तग धरतं, शेवटी बुडतं, असा तो हिशेब. लोखंडी जहाजाचं गणित तुम्ही हाडामांसाच्या योद्ध्याला लावलंत. उसनवारी कोणाची?

साय-फायनं निदान त्याचं उत्तर तरी शोधलं. मास इफेक्टमध्ये आधी शील्ड खाली जाते, मग माणूस. 'डेउस एक्स' (2000) नं नेमच कौशल्यावर टांगला. कौशल्य कमी तर निशाण पसरलेलं, स्थिर व्हायला वेळ.

सराफ्यातलं_भूत

बरोब्बर, आणि म्हणून अंगात नॅनो-यंत्रं भरलेला सरकारी एजंट बंदूक धरून लटपटत उभा. मास इफेक्टच्या पहिल्या भागातही नेम असाच कौशल्यावर होता. दुसऱ्या भागात त्यांनी ते बरंचसं काढून टाकलं आणि सरळ गोळीबाराचा गेम केला. शोधलेलं उत्तर स्वतःच टाकून दिलं की.

अण्णा_लोकमान्यनगर

मी पन्नाशीचा आहे, मुलाच्या पीसीवर खेळतो, तेव्हा सांभाळून घ्या.

माझा मुद्दा वेगळा: फिरणं. बेथेस्डाचेच दोन गेम घ्या, म्हणजे कंपनीचा वाद नको. स्कायरिममध्ये (2011) सुरुवातीला रिव्हरवूडकडे उतरताना सोबतचा माणूस समोरच्या डोंगरावर बोट दाखवतो, तिथे ब्लीक फॉल्स बॅरो हे जुनं थडगं काळंकुट्ट उभं. थोड्या वेळानं तुम्ही खरोखर चढून तिथे जाता. वाटेत बर्फ, लांडगे, दरोडेखोरांचा बुरूज. ठिकाण दिसतं आणि पाय तिथवर जातात. 'स्टारफील्ड' (2023) मध्ये ग्रह हजाराच्या वर, आणि जायचं कसं? नकाशा उघडा, टिचकी मारा, जहाज उडाल्याचं चित्र बघा, उतरा. अवकाश एवढं अफाट की त्यात चालायला जागाच उरली नाही.

दुसरा वैताग फोनचा. 'सायबरपंक 2077'मध्ये मी काही गंभीर करायला घेतलं की कोणीतरी गाडी विकायला फोन करतो. फँटसीतला निरोप्या चार दिवस चालत येतो, तोवर गाव जळून गेलेलं असतं. गोष्ट तिथेच घडते.

आणि एक इंदूरकर म्हणून बोलतो. त्या सायबरपंकच्या नाइट सिटीत जिथे बघावं तिथे कचऱ्याच्या पिशव्या. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या गावाच्या माणसाला ते बघवत नाही. भविष्यात एवढे कृत्रिम हात-डोळे मिळतात, पण सकाळी गाणं वाजवत येणारी कचरागाडी नाही!

पोलादपत्रा

अण्णा, कचरागाडीला दंडवत. पण स्टारफील्ड फसला म्हणून साय-फायलाच झोडपू नका. त्याच कंपनीचा 'फॉलआउट 3' (2008) तुम्ही सोयीनं विसरलात. व्हॉल्ट 101 या भूमिगत आसऱ्याचं दार उघडतं, डोळे दिपतात, आणि मग समोर उद्ध्वस्त वॉशिंग्टनचा परिसर. तिथेही दिसेल तिकडे चालत जाता येतं. शिवाय एक गोष्ट फँटसीकडे नाही. तिथलं प्रत्येक घर कोणाचं होतं ते कळतं. न्हाणीघरात सांगाडा, शेजारी बाटली, टेबलावर टेप. टेप लावली की कळतं, बॉम्ब पडले त्या दिवशी इथे काय चाललं होतं. स्कायरिममधल्या थडग्यात कुठलासा राजा पुरलाय. असेल बापडा, माझा काय संबंध? उद्ध्वस्त पेट्रोल पंपाशी माझा संबंध आहे.

फासेवाली

फोनबद्दल अण्णा, मीच तुमच्याविरुद्ध बोलते, कारण मी घरी टेबलावर दोन्ही खेळवते, महिन्याआड फँटसी आणि साय-फाय. 1977 पासूनचा 'ट्रॅव्हलर' हा साय-फाय आरपीजी आहे. त्यात एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे उडी मारली की आठवडा जातो, अंतर कितीही असो. आणि जहाजापेक्षा वेगानं जाणारा रेडिओ नाहीच. बातमी जहाजानंच पोचते. सीमेवर युद्ध पेटलं तरी राजधानीला कळेपर्यंत महिने जातात, तोवर स्थानिक अधिकारी मनाला येईल ते करून बसलेला. पेशवाईतला पत्रव्यवहार वाचलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा अडचण साय-फायची नाही, आळशी साय-फायची आहे.

पण रामबागी, तुम्हाला सोडत नाही. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (2009) खेळलात? ओर्झमारमध्ये राजा कोणाला केलंत?

रामबागी

भेलनला. आणि ते फँटसीच्या बाजूनं चांगलं उदाहरण आहे, नाकारत नाही.

न खेळलेल्यांसाठी: जमिनीखालचं बुटक्यांचं नगर, कडक जातव्यवस्था, तळाच्या लोकांच्या चेहऱ्यावर जन्मतःच खूण गोंदतात. गादीसाठी दोन दावेदार. हॅरोमाँट सभ्य, शब्दाचा पक्का, मेलेल्या राजाचा विश्वासू. भेलन भावांच्या मुडद्यावरून आलेला. सगळ्यांना वाटतं हॅरोमाँट बरा. पण शेवटी कळतं की हॅरोमाँट नगराची दारं लावून घेतो आणि जाती होत्या तशाच ठेवतो, तर भेलन सभा बरखास्त करून एकहाती राज्य करतो आणि तळच्यांना वर यायची वाट मोकळी करतो.

पण यात जादू कुठे आहे? एक मंत्र नाही. हा शुद्ध राजकारणाचा पेच आहे. बुटक्यांच्या जागी मंगळावरच्या खाणीतले कामगार ठेवा, काही बिघडत नाही. म्हणजे फँटसी उत्तम होते ती जादू बाजूला ठेवते तेव्हा. माझंच म्हणणं झालं.

फासेवाली

आणि जेनोफाजच्या जागी चेटकिणीचा शाप ठेवला तर काय बिघडतं? मॉर्डिनला चेटक्या करा.

रामबागी

बिघडतं! शाप देणाऱ्याला राग असतो. मॉर्डिनला क्रोगनांचा राग नाही. बैठक झाली, आकडे मांडले, उपाय ठरला. त्यातलं भयंकर तेच आहे, कोणी वाईट नव्हतं.

नवशिक्या_भंवरकुआँ

मोठी मंडळी बोलताहेत, मध्येच घुसतो. कोचिंगसाठी इंदूरला आहे, लॅपटॉप साधा, ग्राफिक्स कार्ड नाही. यातलं काय चालेल? आणि आपल्याकडचं काही आहे का? पुण्याच्या लोकांनी 'राजी' केली होती ती खेळलो.

अण्णा_लोकमान्यनगर

'राजी' (2020) सुंदर आहे, पण ती मारामारी-साहसाची, आरपीजी नव्हे. आपल्याकडची आरपीजी व्हायची तर माझ्याकडे नायक तयार आहे: अश्वत्थामा. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो येतो म्हणतात, आणि परिक्रमावाल्यांना नर्मदेकाठी कपाळाच्या जखमेसाठी तेल मागतो म्हणतात. हिट पॉइंट संपतच नाहीत, आणि तोच शाप. गेम ओव्हर होणं हेच त्याचं बक्षीस.

फासेवाली

अण्णा, क्या बात! याच्या अगदी जवळचं 1999 मध्ये झालंय. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'. नायक अमर, अंगभर व्रण, मेला की पुन्हा उठतो आणि आधीचं विसरतो. पुढे कळतं की (नवशिक्या, हे वाक्य सोड) तो मरायचा टळतो तेव्हा त्याच्या वाटचं मरण दुसऱ्या कोणाला तरी येतं. मरून उठणं हे इतर गेममध्ये सोयीसाठी असतं, इथे तोच गुन्हा. जादू काढून दाखवा यातून, रामबागी.

नवशिक्या, हा तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल. साय-फाय हवं तर पहिला 'फॉलआउट' (1997) किंवा 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' (2003). शेवटचा मोबाइलवरही मिळतो.

रामबागी

काढतो की. शाप काढा, पेशी दुरुस्त करणारं यंत्र घाला. माणूस तोच, व्रण तेच.

फासेवाली

यंत्र घातलंत की ते बंद करता येतं. अश्वत्थाम्यानं पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं म्हणून त्याला शाप मिळाला. तुमच्या गोष्टीत शाप देणार कोण, कंपनी?

रामबागी

हो, कंपनीच! सायबरपंकमध्ये हेच तर आहे. अरासाका कंपनीच्या चिपमध्ये कोंडलेला जॉनी सिल्व्हरहँड, मरून पन्नासावर वर्षं झालेला, तुमच्या पात्राच्या, म्हणजे व्हीच्या, डोक्यात जागा होतो आणि व्हीचा मेंदू हळूहळू त्याचा होत जातो. कोणाच्या पापाचा हिशेब नाही. चोरलेला माल चुकीच्या माणसाच्या डोक्यात गेला, बस. मला हे शापापेक्षा जास्त भिववतं, कारण दाद मागायला देवही नाही.

सराफ्यातलं_भूत

मेलेला माणूस जिवंताच्या अंगात शिरतो, त्याच्या तोंडानं बोलतो. याला आमच्याकडे झपाटणं म्हणतात. आयडीप्रमाणे हा विषय माझ्या अखत्यारीत येतो, सबब सायबरपंक फँटसीत जमा.

पोलादपत्रा

भूत, मग व्हीच्या डोक्यात बसलेल्याचं नाव जॉनी आहे, त्याला लिंबू-मिरची चालणार नाही.

नवशिक्या_भंवरकुआँ

प्लेनस्केप घेतला. शवागारात जागा झालो, एक तरंगती कवटी सोबत आली आहे आणि गप्प बसत नाही. नुसतं वाचतोच आहे. मारामारी करावीच लागते का यात?