युरो २०२८: कार्डिफ, पॅरिस, डब्लिन, लंडन. तीन व्हिसांचा क्रम कसा लावायचा?

गॅलरीतला_प्रेक्षक

युरो फुटबॉल स्पर्धा ९ जून ते ९ जुलै २०२८. सध्याचा आराखडा: ९ जूनला कार्डिफमधला सलामीचा सामना, मग पाच दिवस पॅरिस, तिथून विमानाने डब्लिनला गटातला एक सामना, आणि संघ पुढे गेला तर लंडनला बाद फेरी. पासपोर्ट असा आहे की ब्रिटन, आयर्लंड आणि शेंगेन (एकच व्हिसा चालणारा फ्रान्ससह युरोपातल्या देशांचा गट), तिन्हीकडे आधीच व्हिसा काढावा लागतो.

विचारायचं हे की अर्ज कोणत्या क्रमाने करावेत? पासपोर्ट एकच आहे आणि तो प्रत्येक ठिकाणी अडकून पडणार. डब्लिन ब्रिटनच्या व्हिसावर चालतं का? आणि सामन्याचं तिकीट हातात नसताना अर्ज करता येतो का?

खिडकी_क्रमांक_चार

आधी गैरसमज दूर करू. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही आणि ब्रिटनचा भागही नाही. त्यामुळे फ्रान्सचा व्हिसा डब्लिनला चालत नाही आणि ब्रिटनचा साधा व्हिसाही चालत नाही. डब्लिनहून ब्रिटनला येताना सहसा पासपोर्ट तपासत नाहीत, त्यामुळे अनेकांना वाटतं की व्हिसाच लागत नाही. तपासणी नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. उलट दिशेने, ब्रिटनहून डब्लिनला उतरल्यावर मात्र पासपोर्ट बघतातच.

आता क्रम. इथे गणित करावं लागतं, कारण तिघांच्या मुदती वेगळ्या आहेत. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावा लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण कागद तपासायचे ठरवले तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र प्रवास ३ महिन्यांच्या आत आल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. ब्रिटनचा निर्णय साधारण ३ आठवड्यांत येतो, आयर्लंडला ८ आठवडे धरून चाला.

म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर शेंगेन डिसेंबर-जानेवारीतच उरकून टाका. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटन. पासपोर्ट मार्चअखेर परत आला की लगेच आयर्लंड, ते मेच्या शेवटी सुटेल. हाताशी उरतो जेमतेम एक आठवडा. मधे एखादा कागद मागवला किंवा बोटांच्या ठशांची वेळ उशिराची मिळाली की तोही गेला. शेंगेन मार्चवर ढकललंत तर हे गणित बसतच नाही.

भारत आणि चीनच्या नागरिकांना मायदेशातून अर्ज केल्यास एक पळवाट आहे, तीही कायदेशीर: ब्रिटिश-आयरिश संयुक्त योजना. व्हिसावर तशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्ही देश होतात. अट अशी की ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. तुमचं पॅरिस ते थेट डब्लिन विमान नेमकं या अटीत अडकतं. म्हणून पॅरिसचा टप्पा मधून काढा आणि सुरुवातीला घ्या: पॅरिस, कार्डिफ, डब्लिन, लंडन. पॅरिसहून कार्डिफला जाताना आधी ब्रिटनमध्ये शिराल, मग तिथून डब्लिन.

स्टिकर_नीट_वाचा

पॅरिस आधी घेण्याशी पूर्ण सहमत. ही योजना तुम्हाला लागू नसली तरी तेच करा.

शेंगेनचा व्हिसा हातात आला की तिथल्या तिथे तीन रकाने बघा: कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, किती प्रवेश. समजा लिहिलंय ४ जून ते २३ जून, दिवस ५, प्रवेश १. लोक तारखा वाचतात आणि २३ पर्यंत राहता येतं असं समजतात. तसं नाही. मागितलेल्या मुदतीला पुढे १५ दिवसांची सवलत जोडलेली असते, ती विमान हुकलं किंवा तारीख सरकली तर उपयोगी पडावी म्हणून. राहायचे दिवस पाचच. उतरल्याचा दिवस धरतात आणि निघाल्याचाही. म्हणजे ४ जूनला आलात तर ८ जूनला बाहेर. आता प्रवेश आणि निर्गम संगणकावर नोंदवतात, शिक्का पुसट होता वगैरे सबब चालणार नाही.

पॅरिसहून लंडनला रेल्वेने जाणार असाल तर गार द्यु नॉर स्थानकावरच फ्रान्सचा निर्गम आणि ब्रिटनचा प्रवेश, दोन्ही तपासण्या गाडीत बसण्याआधी होतात. लंडनला उतरल्यावर काही नाही. त्यामुळे ब्रिटनच्या अधिकाऱ्याला दाखवायचे कागद पॅरिसमध्येच हाताशी ठेवा, मोठ्या बॅगेच्या तळाशी नकोत.

परतीचं विमान बघताना आणखी एक फसगत. लंडनहून निघून फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅमला विमान बदलणार असाल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर हवीत. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली की बॅग बाहेर जाऊन घ्यावी लागते, बाहेर जाणं म्हणजे शेंगेनमध्ये नवा प्रवेश, आणि तुमचा एकमेव प्रवेश पॅरिसला खर्च झालेला असतो. लंडनच्या काउंटरवरच विमानात बसू देणार नाहीत. काही पासपोर्टधारकांना नुसतं विमान बदलायलाही वेगळा व्हिसा लागतो, तेही तिकीट काढण्याआधी बघा.

गॅलरीतला_प्रेक्षक

क्रम कळला, पॅरिस पुढे घेतो. बाद फेरीचं काय? संघ पुढे जाईल की नाही हे मार्चमध्ये कसं सांगणार? आणि तिकिटं तर ॲपवर अगदी शेवटी येतात म्हणे.

कागदपत्री

ॲपवरचं तिकीट अर्जाला लागतच नाही. खरेदीची ईमेल पुरते, फक्त तिच्यात तुमचं नाव, ऑर्डर क्रमांक आणि सामन्याची तारीख दिसली पाहिजे. नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. तिकिटाचं खातं उघडताना लोक टोपणनाव किंवा अर्धं नाव टाकतात आणि मग खुलासा लिहीत बसतात. मित्राच्या खात्यातून तिकीट घेतलं असेल तर त्याचं दोन ओळींचं पत्र जोडा.

तिकीट नसलं तरी अर्ज करता येतो, आणि असलं म्हणून व्हिसा मिळेलच असं नाही. विश्वचषकाच्या वेळी २०१८ मध्ये रशियाने फॅन आयडीवर आणि २०२२ मध्ये कतारने हय्या कार्डावर प्रेक्षकांना आत घेतलं, तेव्हापासून तिकीट म्हणजेच परवाना असा समज पसरला आहे. त्या त्या यजमान देशाने त्या स्पर्धेपुरती केलेली ती सोय होती. एरवी तिकीट फक्त ‘कशासाठी जाताय’ एवढंच सांगतं. अधिकाऱ्याला बाकी दोन गोष्टी हव्या असतात: खर्च कुठून करणार, आणि परत का येणार. नकार बहुतेक याच दोन ठिकाणी बसतो. बँक खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक मोठी रक्कम आली तर ती कुठून आली हे कागदानिशी सांगा, नाहीतर ती नसलेलीच बरी.

बाद फेरीसाठी मुक्कामाच्या तारखा अंतिम सामन्यापर्यंत धरा, म्हणजे १० जुलैपर्यंत. रद्द करता येणारं हॉटेल घ्या आणि सोबतच्या पत्रात सरळ लिहा की संघ बाहेर पडला तर लवकर परतणार. रजेचं पत्र मात्र पूर्ण मुदतीचं हवं. अर्जात पाच आठवडे आणि रजा दोन आठवड्यांची, ही विसंगती पहिल्या वाचनातच दिसते. एजंट बनवून देतात ती खोटी आरक्षणं जोडू नका. हॉटेलला फोन करून खात्री केली जाते, आणि खोटा कागद सापडला तर ब्रिटन १० वर्षांपर्यंत दार बंद करू शकतं.

खिडकी_क्रमांक_चार

राहिलेल्या चिल्लर गोष्टी. शेंगेनसाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीनंतर ३ महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. आयर्लंडला परतीनंतर ६ महिने लागतात, तेव्हा तोच हिशेब सगळ्यांसाठी धरा. शेंगेनला ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे आणि शुल्क ९० युरो (इथे युरो म्हणजे चलन!). आयर्लंडचं ६० युरो, पण ते एका प्रवेशाचं. डब्लिनला दोनदा जायची शक्यता असेल तर १०० युरोंचा बहुप्रवेश मागा. अठरा वर्षांखालचं मूल एकाच पालकाबरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र तिन्ही अर्जांना जोडा.

आणि पॅरिसच्या हॉटेलची तारीख बदललीत की विम्याचीही बदला. हे दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर अर्ज केंद्रावरच बोट ठेवलं जातं.