नागपूर: कूलरचं कॅटलॉग, वॉरंटी कार्ड, बॅनर – छपाईचा खर्च आणि कचरा दोन्ही कमी करायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीत आमचा कूलर बनवायचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला, आता दीर आणि मी बघतो. छपाईची सगळी कामं माझ्याकडे असतात. आमचा हंगाम मार्च ते मे, त्यामुळे कॅटलॉग जानेवारीअखेर डीलरच्या हातात पडावं लागतं. डीलर वर्धा, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, गोंदिया इथे आहेत. थोडे पलीकडे छिंदवाडा-बालाघाटला आहेत, त्यांना हिंदी लागतं.

सध्या छापतो ते असं: ए-४ आकाराचं कॅटलॉग, आतली १६ पानं १७० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये) आर्ट पेपरवर, वर ३०० जीएसएमचं ४ पानी कव्हर, त्यावर ग्लॉस लॅमिनेशन, मधोमध दोन पिना. ३००० प्रती. शिवाय वॉरंटी कार्ड, वापराची पुस्तिका, बिलबुकं, खोक्यांवरची छपाई आणि डीलरच्या दुकानासाठी फ्लेक्स.

अडचण दोन बाजूंनी आहे. पत्रा आणि तांब्याचे भाव हलले की आमच्या किमती बदलतात, आणि किमती कॅटलॉगातच छापलेल्या असल्याने उरलेल्या प्रती पुढच्या हंगामात चालत नाहीत. दुसरं म्हणजे रद्दीवाला लॅमिनेशनचं कव्हर वेगळं काढून मागतो, नाहीतर भाव पाडतो. त्याचं बरोबरच आहे, प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या कागदाचा लगदा सरळ होत नाही. ते शेवटी भांडेवाडीच्या डंपिंगवर जातं हे मला मनापासून खटकतं. पाण्यावर चालणारी वस्तू विकणाऱ्यांनी तरी याचा विचार करावा असं वाटतं.

दोन-तीन प्रेसमध्ये विचारलं. ‘इको-फ्रेंडली’ म्हटलं की सगळे रिसायकल्ड कागदाचं कोटेशन देतात आणि ते नेहमीपेक्षा महाग येतं. मग घरातून प्रश्न येतो की पर्यावरणासाठी जास्त पैसे किती वर्षं मोजायचे? मला वाटतं दोन्ही गोष्टी एकत्र साधत असाव्यात, पण प्रेसवाल्याला नेमकं काय विचारायचं हे कळत नाही. कागद पातळ केला तर माल हलका वाटेल का? लॅमिनेशनला पर्याय काय? सोया शाईचा खरंच उपयोग आहे का? हिंदी प्रती थोड्याच लागतात, त्या वेगळ्या छापणं परवडतं का?

एका गोष्टीत मात्र काटकसर करायची नाही. अर्थिंग नीट करा, पाणी भरताना आधी प्लग काढा, ओल्या हाताने बॉडीला हात लावू नका, ही सूचना कागदावरच राहणार. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. क्यूआर कोड स्कॅन करून कोणी ती वाचेल या भरवशावर मी राहणार नाही.

– कूलरवाल्या ताई

*

ट्रेडल:

ताई, नागपुरातल्या महाल भागात आमची प्रेस होती, आता मुलगा बघतो. तुमचं काम वाचून पहिली गोष्ट सांगतो: रिसायकल्ड कागदाच्या आधी आकाराकडे बघा.

आपल्याकडे कागदाचे चालू आकार इंचात आहेत, २३ बाय ३६ आणि २५ बाय ३६. ए-४ ची चार पानं एका बाजूला बसवायची तर ४२० बाय ५९४ मिलिमीटर जागा हवी, शिवाय ब्लीड (कडेला छाटणीसाठी जादा छपाई) आणि ग्रिपर (मशीन कागद धरते ती कोरी कड). २३ इंच म्हणजे ५८४ मिलिमीटर. दहा मिलिमीटरसाठी काम बसत नाही आणि २५ इंची कागद घ्यावा लागतो. तेच कॅटलॉग साडेआठ बाय अकरा इंच केलंत तर चार पानं १७ बाय २२ मध्ये येतात, म्हणजे २३ बाय ३६ च्या अर्ध्या, १८ बाय २३ च्या शीटमध्ये आरामात. कागद ८ टक्के तिथेच वाचला. हातात घेतल्यावर ए-४ आणि हे यातला फरक गिऱ्हाइकाला सांगूनही कळणार नाही.

दुसरं, वेगळं कव्हर काढून टाका. १६ पानांतच पहिलं आणि शेवटचं पान कव्हर म्हणून घ्या, आम्ही त्याला सेल्फ कव्हर म्हणतो. किमतीची पानं बाहेर काढली, कव्हरच्या आतल्या बाजूचं भरताड काढलं, की २० ची १६ पानं होतातच. कव्हरच्या प्लेटा (छपाईचे पत्रे, दर रंगाला एक), मशीनवर वेगळं चढवणं, लॅमिनेशन, सगळंच वाचतं. पिनेचं काम असेल तर पानं चारच्या पटीतच धरा. १८ पानांचा हट्ट धरणारे खूप येतात, त्यांना दोन कोरी पानं विकत घ्यावी लागतात.

आता वजन काढा. आज तुमची एक प्रत भरते साधारण १२२ ग्रॅम (आतली ८५, कव्हर ३७). साडेआठ बाय अकरा, १६ पानं, १३० जीएसएम, सेल्फ कव्हर: ६३ ग्रॅम. ३००० प्रतींना ३६७ किलोऐवजी १८८ किलो. छाटणीत जातो तो कागद वेगळा. कागद आम्ही किलोने घेतो आणि एवढ्या प्रतींच्या कामात बिलाचा मोठा हिस्सा कागदाचाच असतो. म्हणून पातळ कागद हेच सगळ्यात सरळ पर्यावरणाचं काम आहे, त्यासाठी जास्त पैसे पडत नाहीत. ट्रान्सपोर्टही हलकं होतं.

१३० जीएसएम आर्ट पेपर हलका वाटत नाही. १०० च्या खाली गेलात तर मागचं चित्र पुढे दिसायला लागतं, तिथे जाऊ नका.

कोटेशन मागताना फक्त ‘३००० प्रतींचे किती’ असं विचारू नका. कागदाचा आकार, जीएसएम, किती फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचे संच), किती प्लेटा आणि वेस्टेजला किती शीट धरल्या हे लिहून मागा. जो हे लिहून देतो त्याच्याशी पुढे बोलता येतं.

*

कूलरवाल्या ताई:

काका, मनापासून आभार. वजनाचा हिशोब दिरांना दाखवला, त्यांना लगेच पटलं. एक शंका: डीलरच्या काउंटरवर कॅटलॉग वर्षभर धुळीत असतं, पाण्याचे हात लागतात. लॅमिनेशन काढलं तर कव्हर महिन्याभरात चिंध्या होईल असं डीलर म्हणतात.

*

आर्वीचा दुकानदार:

ताई, मी डीलरच आहे, दुसऱ्या कंपनीचा. खरं सांगू का, काउंटरवर मले एकच कॅटलॉग लागते. फार तर दोन. बाकीचा गठ्ठा खाली पडून राहते. गिऱ्हाईक येते, फोटो पाहते, टाकी किती लिटरची अन् किती मोठ्या खोलीले चालते ते इचारते, भाव इचारते अन् ‘घरी दाखवतो’ म्हणून काहीतरी घेऊन जाते. त्याच्या हाती १६ पानाचं पुस्तक काहून द्यायचं? त्याले एक कागद पुरते.

आम्हाले दुकानामागं दोन मजबूत कॅटलॉग द्या, त्याले खुशाल लॅमिनेशन करा. अन् गिऱ्हाइकासाठी एकेक पानी पत्रकं भरपूर द्या. त्या पत्रकावर आमच्या दुकानाच्या शिक्क्यासाठी जागा सोडा, ते कोणीच सोडत नाही.

*

ट्रेडल:

आर्वीच्या भाऊंनी माझ्यापेक्षा मोठी बचत सांगितली. साडेआठ बाय अकराचं दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक १०० जीएसएमवर ६ ग्रॅम भरतं. गिऱ्हाईक घरी नेणार ते ६ ग्रॅम, १२२ नाही.

मग डीलर किती आहेत ते मोजून कॅटलॉग काढा. शे-दोनशे प्रतीच लागत असतील तर ऑफसेटवर चढवूच नका, डिजिटलवर घ्या. ऑफसेटमध्ये प्लेटा आणि रंग जुळेपर्यंत जाणारे कागद हा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच आणि तीन हजारांनाही तेवढाच. हजाराच्या वर ऑफसेट स्वस्त पडतं. मधल्या आकड्याला दोन्हीकडून भाव घ्या. पत्रकं मात्र ऑफसेटवरच.

आणि पत्रकाच्या शीटवर वॉरंटी कार्ड शेजारी बसतं का ते विचारा. कागद आणि प्रती सारख्या असल्या तर एकाच प्लेटेत दोन्ही निघतात.

*

मॅजेंटा:

मी धरमपेठेत डिझाइनचं काम करते. ताई, दोन गोष्टी डिझाइनमध्येच ठरतात, प्रेसमध्ये गेल्यावर उशीर झालेला असतो.

एक, हिंदी आवृत्ती. सगळा मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवा, रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं नकोत. मग फोटोंच्या निळ्या, लाल, पिवळ्या प्लेटा मराठी-हिंदीला सामाईक राहतात आणि फक्त काळी प्लेट बदलते. आधी सगळ्या मराठी प्रती, मग काळी प्लेट बदलून हिंदी. दोन्ही बाजूंच्या पत्रकाला आठाऐवजी दोनच जादा प्लेटा लागतील. हे डिझाइनरला पहिल्याच दिवशी सांगा. नंतर फाइल फोडून करायला गेलं की अक्षरं निसटतात.

दोन, गडद निळी पूर्ण पानं. कूलर म्हटलं की सगळ्यांना बर्फाळ निळं पान हवं असतं. तेवढी शाई वाळायला वेळ घेते, मागच्या शीटला लागते, बोटांचे ठसे उठतात, आणि मग ते झाकायला लॅमिनेशन करावं लागतं. पान पांढरं ठेवलं तर लॅमिनेशनची गरजच राहत नाही. थोडं संरक्षण हवंच असेल तर पाण्याच्या बेसचं कोटिंग मागा, ॲक्वस म्हणतात. ते कागदाच्या लगद्यात आडवं येत नाही. सगळ्या प्रेसकडे त्याची सोय नसते, नसेल तर साधं वॉर्निश घ्या.

सोया शाईबद्दल: वनस्पती तेलाची शाई चांगलीच, खनिज तेल कमी लागतं आणि कागदावरून शाई काढणंही सोपं जातं. प्रेस ती वापरत असेल तर जरूर घ्या. पण तुमच्या एका कामासाठी मशीन धुऊन शाई बदलायला लावू नका, त्या धुण्यात जाणारं रसायन आणि कागद जास्त नुकसान करेल.

*

हिरवा_चष्मा:

रिसायकल्ड कागद चुकीच्या जागी वापरू नका एवढंच म्हणेन. उत्पादनाचे फोटो त्यावर मळकट दिसतात आणि मग लोक रिसायकल्डलाच नावं ठेवतात. वापराची पुस्तिका, पाकिटं, अर्थिंगची सूचना अशा एकरंगी कामांना तो छान शोभतो. खोक्यांनाही तेच. तपकिरी क्राफ्ट कागदावर एक-दोन रंगांत थेट छपाई करा, रंगीत कागद चिकटवून त्यावर प्लास्टिक चढवू नका. निर्मात्याचं नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष, तक्रारीचा संपर्क हे कायद्याने लागतं, ते एका रंगात ठळक वाचता येतं.

कॅटलॉगवर ‘पर्यावरणपूरक’ असा शिक्का मारायचा मोह होईल, सांभाळा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. असा मोघम दावा केला तर पुरावा द्यावा लागतो. ‘रिसायकल्ड कागदावर छापले’ एवढंच लिहा, आणि कागदाचं बिल जपून ठेवा. एफएससीचं (जंगल जबाबदारीने राखून केलेल्या कागदाचं) चिन्हही प्रेसकडे स्वतःचं प्रमाणपत्र असेल तरच छापता येतं, नुसता कागद प्रमाणित असून भागत नाही.

फ्लेक्सचं तर पुन्हा बघाच. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. त्याहून जाड फ्लेक्स कायद्यात बसतो, पण हंगाम संपल्यावर त्याचं करायचं काय? कापडी बॅनर घडी करून पुढच्या वर्षी लावता येतो, फक्त त्यावर किंमत आणि साल टाकू नका. गावांमध्ये अजूनही भिंत रंगवून घेणं मला सगळ्यात आवडतं. पेंटरला काम मिळतं आणि जाहिरात पाऊस झेलून दोन वर्षं टिकते.

*

कूलरवाल्या ताई:

सगळ्यांचे खूप आभार. दुकानाच्या शिक्क्याची जागा आणि काळ्या प्लेटेची युक्ती, या दोन्ही गोष्टी मला कोणत्याच प्रेसने सांगितल्या नव्हत्या. किमतींसाठी वेगळा एकरंगी कागद काढायचं ठरवते आहे, भाव बदलले की तेवढाच नवीन.

शेवटचा प्रश्न ट्रेडल काकांना. पत्रकं एकदम छापून ठेवण्यापेक्षा निम्मी जानेवारीत आणि उरलेली विक्री बघून एप्रिलमध्ये घेतली तर? उरण्याचा धोका कमी होईल असं वाटतं.

*

ट्रेडल:

विचार चांगला आहे, पण एप्रिल नको. त्या दिवसांत इथली हवा इतकी कोरडी असते की रीम उघडलं की कागद कडांनी आधी ओलावा सोडतो. कडा आक्रसतात, मधे फुगवटा येतो आणि चार रंग एकमेकांवर बसत नाहीत. शीटही एकमेकींना चिकटतात. वेस्टेज वाढतं, म्हणजे तुम्हाला जे टाळायचंय तेच होतं. शिवाय तेव्हा लग्नपत्रिकांची गर्दी असते.

दुसरा हप्ता मार्चच्या पहिल्या आठवड्यात घ्या, तोवर होळीआधीच्या विक्रीचा अंदाज येतो. प्लेटा दुसऱ्यांदा चढतील त्याचा खर्च येईल, तो आत्ताच कोटेशनमध्ये लिहून घ्या. प्रेसला सांगा की प्लेटा गोंद लावून जपून ठेवा. फाइलमध्ये एक अक्षरही बदलणार नसाल तर त्याच प्लेटा चालतात. आणि दोन्ही हप्त्यांचा कागद एकाच लॉटचा मागा, नाहीतर पांढऱ्या रंगात फरक पडतो. उरलेली रीमं प्रेसमध्येच ठेवा, वेष्टण न फोडता.